ॲल्युमिनिअमचे टिग वेल्डिंग व आधुनिक इन्व्हर्टर यंत्रे : एक विवेचन

बीजशब्द : ॲल्युमिनिअम, टिग वेल्डिंग, इन्व्हर्टर, एसी बॅलन्स, वारंवारता

प्रस्तावना :
ॲल्युमिनिअम गंजत नाही, याचे कारण त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हे होय. धातूचे रक्षण करणारा हाच थर वेल्डिंगच्या वेळी मात्र मुख्य अडथळा ठरतो. टंगस्टन इलेक्ट्रोड व निष्क्रिय वायू यांवर आधारित टिग वेल्डिंगचे पेटंट अमेरिकेत रसेल मेरिडिथ यांना १९४२ मध्ये मिळाले. पुढे अनेक दशके ॲल्युमिनिअमसाठी अवजड ट्रान्सफॉर्मर यंत्रे वापरली गेली. आता इन्व्हर्टर यंत्रे सर्वत्र आढळतात. परंतु जुन्या यंत्रांसाठी घालून दिलेले नियम कार्यशाळेत पुष्कळदा तसेच शिकविले जातात. नव्या यंत्रामुळे नेमके काय बदलले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑक्साइडचा थर व प्रवाहाची दिशा :
शुद्ध ॲल्युमिनिअम सुमारे ६६० अंश सेल्सिअस तापमानास वितळते. त्याच्या ऑक्साइडचा द्रवणांक मात्र २००० अंशांहून अधिक आहे. त्यामुळे आतील धातू वितळला तरी वरचे आवरण कायम राहते व दोन भागांचा रस एकजीव होत नाही. इलेक्ट्रोड ऋण ठेवल्यास बहुतांश उष्णता कामाच्या तुकड्यात जाते, पण ऑक्साइड सुटत नाही. इलेक्ट्रोड धन ठेवल्यास ऑक्साइड उखडला जातो. मात्र उष्णतेचा मोठा भाग इलेक्ट्रोडवर येऊन तो वितळू लागतो. एसी प्रवाहात या दोन्ही अवस्था आळीपाळीने मिळतात, म्हणून ॲल्युमिनिअमसाठी एसीची निवड केली जाते.

साध्या ट्रान्सफॉर्मर यंत्रात ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. प्रत्येक वेळी आर्क विझू पाहतो व तो टिकविण्यासाठी उच्च वारंवारतेचा विद्युतदाब सतत द्यावा लागतो. दोन्ही अर्धचक्रांचा कालावधीही समानच राहतो.

इन्व्हर्टर यंत्राचे कार्य :
इन्व्हर्टर यंत्र प्रथम वीजपुरवठ्यातील एसीचे डीसीत रूपांतर करते. त्यानंतर आयजीबीटीसारखे अर्धवाहक स्विच तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. वारंवारता वाढली की तेवढ्याच शक्तीसाठी लहान गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. यंत्र हलके होण्याचे कारण हेच. ट्रान्सफॉर्मरमधून आलेला प्रवाह पुन्हा डीसी करून शेवटच्या टप्प्यात त्याची चौकोनी तरंगाकृतीची एसी बनविली जाते. या तरंगात प्रवाहाची दिशा जवळजवळ क्षणार्धात पालटते; त्यामुळे आर्क स्थिर राहतो व उच्च वारंवारतेची गरज बहुधा आर्क सुरू करण्यापुरतीच उरते.

बॅलन्स व वारंवारता :
आर्कची वारंवारता १०० हर्ट्झ ठेवल्यास एक चक्र १० मिलिसेकंदांचे होते. इलेक्ट्रोड-ऋण भाग ७० टक्के ठेवला, तर ७ मिलिसेकंद खोलवर वितळविण्यासाठी व ३ मिलिसेकंद सफाईसाठी मिळतात. सफाईचा वाटा गरजेपेक्षा वाढविल्यास टंगस्टनच्या टोकाचा गोळा होतो. तो फार कमी केल्यास वितळलेल्या रसावर काळपट कण तरंगतात. वारंवारता वाढविली की आर्कचा झोत अरुंद होतो व कोपऱ्यातील जोडावर नेमका रोखता येतो. काही यंत्रांवर ही टक्केवारी सफाईच्या वाट्याची दर्शविलेली असते, म्हणून माहितीपुस्तिका पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल ६०६१ या मिश्रधातूची ३ मिलिमीटर जाडीची पट्टी घेता येईल. तिच्यासाठी सुमारे १२० अँपिअर प्रवाह, २.४ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड व मिनिटाला ८ ते १० लिटर शुद्ध आरगॉन ही प्रारंभीची योग्य मूल्ये होत. फिलर रॉडशिवाय जोडल्यास हा मिश्रधातू तडकतो, म्हणून सुमारे ५ टक्के सिलिकॉन असलेला ४०४३ रॉड वापरतात. जोडानंतर ॲनोडायझिंग करावयाचे असल्यास ४०४३चा जोड करडा दिसतो. तेथे ५३५६ अधिक योग्य. पट्टी तापत जाते तसा प्रवाह कमी करावा व शेवटी तो हळूहळू उतरवावा, अन्यथा अखेरच्या खळग्यात तडा जातो.

इलेक्ट्रोड, स्वच्छता व सुरक्षितता :
हिरव्या खुणेचा शुद्ध टंगस्टन व त्याचे गोल टोक हा ट्रान्सफॉर्मर यंत्रांचा नियम होता. इन्व्हर्टरवर करड्या खुणेचा सिरियमयुक्त किंवा सोनेरी अथवा निळ्या खुणेचा लॅन्थनमयुक्त इलेक्ट्रोड टोकदार घासून, अग्र किंचित बोथट करून वापरावा. लाल खुणेच्या इलेक्ट्रोडमधील थोरियम किरणोत्सारी असल्याने तो घासताना उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत तो टाळणेच इष्ट.

यंत्रातील सफाई ही केवळ ऑक्साइडची होय. तेल व ओलावा तिने जात नाही. त्यांतील हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनिअममध्ये सहज विरघळतो व धातू थिजताना बाहेर पडू न शकल्याने जोडात छिद्रे राहतात. म्हणून प्रथम ॲसिटोनने तेल पुसावे, ते पूर्ण वाळू द्यावे व मग केवळ ॲल्युमिनिअमसाठी राखून ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रश फिरवावा. क्लोरीनयुक्त द्रावके कटाक्षाने टाळावीत. आर्कच्या सान्निध्यात त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

निष्कर्ष :
इन्व्हर्टर यंत्रामुळे ॲल्युमिनिअमचा स्वभाव बदललेला नाही; पूर्वी यंत्राच्या रचनेतच ठरलेले प्रमाण आता वेल्डरच्या निर्णयाधीन झाले आहे. त्यामुळे बटणांची मूल्ये पाठ करून घेण्यापेक्षा त्यांमागील कारण शिकविणे आवश्यक ठरते. एकाच पट्टीवर केवळ बॅलन्स बदलून तीन जोड करून घ्यावेत व ते कापून तपासावेत. असे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात असल्यास विद्यार्थी यंत्राचा दास न राहता त्याचा जाणकार होईल.