दूध चुलीवर का फाटते?

वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत हा प्रसंग नेहमी घडतो. पहाटे काढलेले दूध गंजात झाकून ठेवलेले असते. वास चांगला, रंग चांगला, चवही गोड. दहा-अकराच्या सुमारास ते चुलीवर चढते आणि उकळी येण्यापूर्वीच गुठळ्या होऊन निवळी वेगळी पडते. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी गवळ्यावर आळ घेते, कोणी सुनेच्या हाताला दोष देते. वर्गात विषय निघाला की मुले हीच कारणे सांगतात. शिक्षकाने ती हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांपायी घरात कोणाला तरी खरोखर बोल खावे लागलेले असतात.

वस्तुतः दुधाचे नासणे चुलीपूर्वीच सुरू झालेले असते. निरोगी जनावराच्या कासेतून आलेल्या दुधात जंतू थोडेच असतात. सड, हात, चरवी, गोठ्यातील धूळ यांतून त्यांत भर पडते. त्यांतील काही जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात. दही लागते तेही याच क्रियेने. हे काम सजीव जंतूंचे आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. आम्ल पुरेसे वाढले म्हणजे दुधातील केसीन हे प्रथिन गोठते. न तापविलेल्या दुधात त्यासाठी पुष्कळ आम्ल लागते. तापत्या दुधात मात्र त्याहून बरेच कमी पुरते. म्हणून जिभेला न कळलेला आंबटपणा आगीवर उघड होतो. (नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक तापवताच घट्ट होतो, तो मात्र नासलेला नसतो. त्यात उष्णतेने गोठणारी प्रथिने फार असतात आणि त्याचाच खरवस होतो.)

ताज्या दुधात जंतूंना काही काळ आवर घालणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. पण उन्हाळ्यात त्यांचा प्रभाव लवकर सरतो. पुढचा हिशेब फळ्यावर करून घेण्यासारखा आहे. एका जंतूचे अर्ध्या तासात दोन होतात असे धरले, तर सहा तासांत एकाचे ४,०९६ होतात. चरवी नुसती विसळलेली असल्याने आरंभीच जंतू दसपट असले, तर तीच मजल सुमारे एक तास चाळीस मिनिटे आधी गाठली जाते. चरवीच्या काठाखालच्या खाचेत कालच्या दुधाचा थर राहतो आणि तेथूनच हे विरजण लागते. भांडे घासून उकळत्या पाण्याने धुणे व उन्हात पालथे वाळविणे, यास खर्च नाही.

दुसरी बाब उष्णतेची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांपुढे जातो. तेव्हा सावलीतले दूधही जंतूंच्या वाढीस अनुकूल असते. पौषात तेच दूध कितीतरी अधिक वेळ टिकते. ओल्या वाळूत भांडे ठेवून भोवती ओले फडके गुंडाळण्याची रीत उन्हाळ्यात चांगली उपयोगी पडते, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते व भांड्यातील उष्णता घेऊन जाते. श्रावणात हवाच दमट असल्याने तिचा फारसा उपयोग होत नाही. शीतकपाटात ४ अंशांवर जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. पिशवीवर छापलेली तारीखही दूध थंड ठेवले तरच खरी ठरते. वीज दुपारभर गेली तर त्या तारखेवर विसंबू नये.

दूध काढल्याबरोबर उकळणे हा सर्वांत सोपा उपाय. त्याने क्षयाचे व इतर रोगांचे जंतूही मरतात. हे जंतू दुधाला आंबट करीत नाहीत. तेव्हा न फाटलेले कच्चे दूध निर्धोक असतेच असे नाही. उकळल्यानंतरही काही जंतूंची बीजे तग धरतात आणि ओल्या पळीतून नवे जंतू येतात. यास्तव संध्याकाळी पुन्हा उकळावे लागते. कोठे कोठे दूध फाटू नये म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने आम्ल मारले जाते, जंतू मरत नाहीत. नासण्याची खूण तेवढी लपते. असे दूध तान्ह्या मुलास पाजले जाते, ही गोष्ट पालकसभेत स्पष्ट सांगितली पाहिजे.

उन्हाळी सुटीपूर्वी, सकाळच्या शाळेत एक प्रयोग करता येईल. एकाच म्हशीचे पहाटेचे कच्चे दूध तीन भांड्यांत घ्यावे: पहिले भांडे नुसते विसळलेले, दुसरे उकळत्या पाण्याने धुतलेले, तिसरेही तसेच धुतलेले पण ओल्या फडक्यात गुंडाळलेले. दर तासाला प्रत्येकातील चमचाभर दूध शिक्षकाने स्वतः तापवून पाहावे आणि कोणते केव्हा फाटले याची नोंद मुलांनी करावी. शाळा सुटेपर्यंत निकाल न लागल्यास शिक्षकाने भांडी घरी न्यावीत व उरलेल्या वेळा दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहाव्यात. प्रयोगाचे दूध कोणासही पिऊ देऊ नये. वही जपून ठेवावी आणि जानेवारीत हाच प्रयोग पुन्हा करून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडाव्यात.