चुलीचा धूर आणि मालदीवचे ड्रोन

ड्रोन आता आपल्याला नवा नाही. लग्नात तो डोक्यावर घोंघावतो, उसावर औषध फवारतो. मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "चुलीचा धूर धुराड्यातून बाहेर पडला, की पुढं जातो कुठं?" त्याचं उत्तर शोधताना आम्हाला ड्रोनचीच गोष्ट सापडली.

हिवाळ्यात वारा आपल्याकडून समुद्राकडे वाहतो. त्याच्यासोबत धूर, काजळी, धूळ असं सगळं मिळून एक तपकिरी थर हिंदी महासागरावर पसरतो. मार्च २००६ मध्ये वीरभद्रन रामनाथन या मूळ भारतीय शास्त्रज्ञांच्या गटानं मालदीवच्या हनीमाधू बेटावरून तीन ड्रोन उडवले. लग्नातल्यासारखे नव्हेत, पंखांचे, छोट्या विमानासारखे. अर्ध्या ते तीन किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात ते उतरंडीच्या मडक्यांसारखे एकावर एक उडत.

तीन कशाला? तर वरच्यानं मोजायचं, ऊन किती आलं. खालच्यानं मोजायचं, किती पोचलं आणि किती परत फिरलं. मधलं जे हिशेबात लागत नाही, ते थरानं गिळलं. एकच विमान आधी वर, मग खाली नेलं, तर तेवढ्यात धूर हलतो आणि हिशेब चुकतो. शिवाय हवेत कण किती, केवढे, किती काळे हेही त्यांनी मोजलं. काळी साडी उन्हात कशी तापते, तशीच काजळीही तापते. या थरामुळं खालच्या हवेचं उन्हानं तापणं सुमारे ५० टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. आणि खाली समुद्रावर ऊन मात्र कमी पडतं.

पण काजळी कुणाची? त्याच हिवाळ्यात हनीमाधूवर आणि आपल्या पुण्याजवळच्या सिंहगडावर हवेचे नमुने घेतले होते. जिवंत झाड हवेतून एक खास प्रकारचा कार्बन घेतं. लाखो वर्षं गाडलेल्या कोळशात किंवा डिझेलमध्ये तो उरलेला नसतो. त्यावरून कळलं, की हवेतल्या कार्बनच्या कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश सरपण, गोवऱ्या, शेतातला पालापाचोळा असलं काही जाळून आलेले.

हे वाचून आम्ही जरा चिडलोच. म्हणजे आता आभाळाचा दोषही चुलीपुढं बसणारीच्या माथी? पाचट शेतात पेटवतं कोण? टाकी भरायला पैसे कुणाच्या हातात असतात? आणि तो धूर मालदीवला पोचायच्या आधी तिच्या छातीतून जातो, तो कुणी मोजायचा? रामनाथन यांनी नंतर भारतातच चुली बदलण्याचं काम हाती घेतलं, हे वाचून मात्र बरं वाटलं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, काजळी काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत खाली बसते. आज धूर कमी केला, तर हवा याच हंगामात फरक दाखवते.

पुढच्या वेळी धूर कमी करणाऱ्या चुलीबद्दल बोलू. ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी खरंखरं सांगा, भाकरी नीट भाजते का?