अस्थिसंस्था आणि हाड मोडलेल्या रुग्णाची काळजी : परिचर्या सहाय्यकांसाठी माहिती

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चे प्रशिक्षण घेणाऱ्यांना आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. नवजात बाळात ती याहून बरीच जास्त असतात. वाढीबरोबर काही एकमेकांना जुळतात. हाडे शरीराला आधार देतात, मेंदू, हृदय, फुप्फुसांचे रक्षण करतात, कॅल्शियम साठवतात आणि त्यांच्यातील मज्जेत रक्तपेशी तयार होतात. हाड ही जिवंत ऊती आहे, म्हणूनच मोडलेले हाड पुन्हा जुळते.

मांडीचे हाड शरीरात सर्वांत लांब. वयस्कर व्यक्ती, विशेषतः पाळी बंद झालेल्या स्त्रिया, न्हाणीघरात घसरल्या तरी खुब्याजवळ ते मोडू शकते. पडल्यावर उभे राहता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेले असते, तर खुबा मोडल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी चोळू नये, ओढू नये, उभे करून पाहू नये. पायाला आधार देऊन, पाय न हलवता रुग्णालयात न्यावे.

प्लास्टर असलेला रुग्ण

साध्या प्लास्टरला पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात. तोपर्यंत ते बोटांनी न धरता तळव्यांवर उचलावे, नाहीतर खड्डे पडून आतील त्वचेवर दाब येतो. हात-पाय उशीवर उंच ठेवावा. खाज सुटली म्हणून पट्टी किंवा विणायची सुई आत घालू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे बोटे तपासणे. नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटे थंड, फिकट किंवा निळसर आहेत का, मुंग्या येतात का, हलवता येतात का, हे पाहावे. गोळी देऊनही वेदना वाढत असेल आणि बोटे ताणल्यावर ती असह्य होत असेल, तर ताबडतोब परिचारिकेला सांगावे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. प्लास्टरच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा थांबला, तर काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. ‘हा रुग्ण कुरकुऱ्याच आहे’ असे म्हणून सोडून देणे इथे फार महागात पडते.

अंथरुणाला खिळलेला रुग्ण

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा व खुब्यावरची त्वचा लाल झाली आहे का ते पाहावे. पायाला ट्रॅक्शन लावलेले असेल तर कूस कशी बदलायची ते परिचारिकेला विचारावे. ट्रॅक्शनची वजने मोकळी लोंबती राहायला हवीत. झाडलोट करताना ती उचलून खाटेवर ठेवू नयेत. पाठीच्या कण्याला इजा असेल तर डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून, किमान तीन जणांनी मिळून वळवावे. खुब्याचा सांधा बदलला असल्यास डॉक्टर सांगतील तोपर्यंत दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी, पायावर पाय टाकू देऊ नये. अशा रुग्णाला भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसवू नये, कमोड खुर्ची वापरावी.

आणि स्वतःची पाठ? ती सांभाळणेही कामाचाच भाग आहे. कमरेत वाकून एकट्याने रुग्ण उचलू नये. गुडघे वाकवावेत, चादरीवरून सरकवावे, दुसऱ्याला हाक मारावी.

आहार

दूध, दही, तीळ, नाचणी, काट्यासह खाता येणारी लहान मासळी यांतून कॅल्शियम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. ते शरीरात शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, म्हणून अंगावर थोडे ऊन घ्यावे. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

उपचारांचा खर्च

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, ही योजना लागू आहे. त्यासाठी आधारवरून ई-केवायसी करून स्वतंत्र कार्ड काढावे लागते. कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे. खुबा मोडल्यावर धावपळीला वेळ नसतो. घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे व तपासण्याही योजनेत धरलेल्या आहेत, तेव्हा रुग्णालयातून निघताना त्या मागून घ्याव्यात. संलग्न रुग्णालय कोणते, हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.