कमावलेली झडप

श्रोतेहो, आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पदवीमुळे. आम्ही कधी कुणाची नाडी पाहिलेली नाही. तरीही आज हृदयाच्या झडपांवर, त्यातही 'टिश्यू व्हॉल्व्ह' म्हणजे जैविक झडपेवर बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. झडप बदलायची वेळ आली की डॉक्टर विचारतात, "मेटलची बसवायची की टिश्यूची?" रुग्ण, त्याची मुलं, जावई, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "साहेब, तुम्हीच ठरवा." किंवा म्हणतं, "टिश्यूची म्हणजे नैसर्गिक ना? मग तीच बरी." या दोन्ही उत्तरांविषयी आम्हाला थोडं बोलायचं आहे. दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण 'जैविक' या शब्दानं तिथे मोठा घोळ घातलेला आहे.

आधी झडप करते काय ते पाहू. हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे गेलं की मागे येऊ नये, एवढंच त्यांचं काम. विहिरीवरच्या पंपाला फूट-व्हॉल्व्ह असतो ना, तसंच. पण हृदय मिनिटाला 72 वेळा धडधडतं असं धरलं, तर दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा ही उघडझाप होते. वर्षाला पावणेचार कोटी. माणसानं केलेल्या कुठल्या बिजागरीकडून आपण अशी अपेक्षा ठेवू?

झडप बिघडते दोन तऱ्हांनी. एक तर ती आखडते, नीट उघडत नाही. किंवा सैल होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. म्हातारपणी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साठून ती दगडासारखी होते. आपल्या देशात मात्र दुसरं एक मोठं कारण आहे: ऱ्हुमॅटिक ताप. लहानपणी घसा दुखला, त्यात एका विशिष्ट जातीचे जंतू होते, त्यावर औषध झालं नाही. मग शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंबरोबर स्वतःच्याच झडपांवर उलटते. डाव्या कप्प्यांमधली द्विदल झडप त्यात सर्वांत जास्त सापडते. म्हणून श्रीमंत देशांत झडपेचा रुग्ण बहुधा सत्तरीचा असतो, आणि आपल्याकडे तो पंचविशीचाही असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्येक बिघडलेली झडप बदलावी लागत नाही. काही दुरुस्त होतात, काही आखडलेल्या झडपा फुग्यानं रुंद करता येतात. जे जमतं तिथे ते आधी करावं. बदलायचीच वेळ आली, तर मेटल की टिश्यू हा प्रश्न येतो.

'मेटलची' हे बोलण्यातलं नाव. आजच्या बहुतेक यांत्रिक झडपांच्या चकत्या एका कठीण कार्बनच्या असतात. 1960 साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त इंजिनियर, या दोघांनी केलेली झडप म्हणजे पिंजऱ्यात ठेवलेला एक चेंडू होता. रक्ताच्या दाबानं चेंडू वर जायचा, पुन्हा खाली बसायचा. ती चालली, माणसं जगली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं तिरप्या चकतीची भारतीय झडप तयार झाली आणि 1990 च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडपा ज्यांच्या आवाक्याबाहेर होत्या, त्यांना या झडपेनं आयुष्य दिलं. याचा म्हणावा तितका गाजावाजा झाला नाही.

यांत्रिक झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल, ती रुग्णापेक्षा जास्त टिकू शकते. अडचण वेगळी आहे. परक्या पृष्ठभागावर रक्त साखळतं. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते आणि अर्धांगवायू होतो. म्हणून जन्मभर 'रक्त पातळ करणारी' गोळी. खरं तर रक्त पातळ होत नाही, त्याची साखळण्याची क्रिया मंदावते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्त तपासून 'आयएनआर' नावाचा आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा. शिवाय ही गोळी 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि ते पालेभाज्यांत भरपूर. म्हणजे एका आठवड्यात रोज मेथी-पालक आणि पुढच्या आठवड्यात बिलकूल नाही, असं चालत नाही. पालेभाजी खावी, पण बेतानं आणि सारखी. ही कटकट नको म्हणून माणसं टिश्यूकडे वळली.

पहिली कल्पना सरळ होती: मृत माणसाची झडप काढून दुसऱ्याला बसवायची. 1962 साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी ते केलं. पण अशा झडपा मिळणार किती? म्हणून नजर गेली डुकराकडे. त्याची महाधमनीची झडप आपल्या झडपेशी आकारानं जुळते. 1965 साली पॅरिसमध्ये आलेन कार्पेंटिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माणसाला बसवली. सुरुवातीला बरं वाटलं, पण काही वर्षांतच त्या झडपा खराब होऊ लागल्या. शरीर त्यांना परकं मानून पोखरत होतं. कार्पेंटिएर सर्जन होते, पण या प्रश्नाचं उत्तर चाकूत नाही हे त्यांनी ओळखलं आणि ते रसायनशास्त्राकडे वळले. तिथे त्यांना सापडलं ग्लुटाराल्डिहाइड.

हे कशासाठी वापरतात? चामडं कमावण्यासाठी! आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. कच्चं कातडं सडतं, कमावलेलं सडत नाही. कारण कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात आणि कमावताना ते एकमेकांशी पक्के बांधले जातात. ग्लुटाराल्डिहाइड झडपेच्या बाबतीत हेच करतं. तंतू बांधले जातात, पेशी मरतात आणि ज्या खुणांवरून आपलं शरीर परक्याला ओळखतं त्या बऱ्याच झाकल्या जातात. पुढे 1970 च्या दशकात गाईबैलांच्या हृदयाभोवतीचं पातळ आवरण असंच कमावून, त्याच्या तीन पाकळ्या कापून, चौकटीवर शिवून झडपा होऊ लागल्या. आजही हे टाके बहुतांशी हातानंच घातले जातात.

तर श्रोतेहो, टिश्यू झडप जिवंत नाही. ती निसर्गातून आलेली आहे, पण नैसर्गिक राहिलेली नाही. कार्पेंटिएर यांनी तिला 'बायोप्रोस्थेसिस' हे जोडनाव दिलं, त्यात हेच आहे: मूळ सजीवाचं, पण वस्तू कृत्रिम. आम्ही आयुष्यभर शब्दांची चिरफाड करण्याचा पगार घेतला, म्हणून इथे थोडं अडून बसतो. आपण 'जैविक' म्हणतो तेव्हा मनात 'जिवंत', 'आपलंसं होणारं', 'निरुपद्रवी' असे अर्थ हळूच आत शिरतात. वस्तुस्थिती उलटी आहे. ती मेलेली आहे म्हणूनच शरीर तिला राहू देतं. आणि मेलेली आहे म्हणूनच ती स्वतःची डागडुजी करू शकत नाही. आपल्या झडपेत जिवंत पेशी असतात, त्या झिजलेलं भरून काढत राहतात. कमावलेल्या झडपेला ती सोय नाही. तिच्यावर हळूहळू कॅल्शियम साठतं, पाकळ्या ताठरतात, कधी फाटतात.

म्हातारपणी बसवलेली टिश्यू झडप साधारण दहा ते वीस वर्षं टिकते. तरुणपणी बसवली तर ती लवकर जाते, कारण तरुण शरीरात कॅल्शियमची देवघेव जोरात चालते आणि झडप जास्त राबते. मग पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणून सर्वसाधारण नियम असा: पासष्टीच्या पुढे टिश्यू, पन्नाशीच्या आत यांत्रिक, मधल्या वयात बोलून ठरवायचं.

नियम चांगला आहे. पण समजा, नंदुरबारकडच्या एखाद्या पाड्यावरची पंचवीस वर्षांची बाई आहे, ऱ्हुमॅटिक तापानं द्विदल झडप गेलेली. नियम म्हणतो, यांत्रिक. तिला आयएनआर तपासायला तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. गोळी चुकली तर झडप अडकू शकते. तिला मूल हवं आहे. आणि वॉरफरीन गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गर्भाला इजा करू शकतं. बदलून इंजेक्शनं द्यावीत तर आईच्या झडपेत गुठळीचा धोका वाढतो. टिश्यू बसवली तर हे बरंचसं टळतं, पण चाळिशीच्या आत पुन्हा छाती उघडावी लागण्याची शक्यता मोठी. इथे बरोबर उत्तर कोणतं? हृदयशास्त्र दोन्ही वाटांवरचे धोके सांगू शकतं. कुठला धोका पत्करून जगायचं, हे त्या शास्त्रात लिहिलेलं नाही. ते त्या बाईच्या आयुष्यात लिहिलेलं आहे, आणि बहुतेक वेळा तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं जातं. सासऱ्याला विचारतात, नवऱ्याला विचारतात. "तुम्हीच ठरवा" या उत्तराविषयी आमची तक्रार ही आहे. डॉक्टरांवर विश्वास ठेवावा, जरूर ठेवावा. पण रोजची गोळी त्यांना घ्यायची नसते आणि दुसऱ्यांदा टेबलावर त्यांना झोपायचं नसतं.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी. द्विदल झडपेच्या पुष्कळ रुग्णांचे ठोके अनियमित झालेले असतात. त्यांना टिश्यू झडप बसवूनही गुठळी रोखणारी गोळी बहुधा सुटत नाही. ज्या गोळीसाठी टिश्यू घेतली तीच मागे राहिली, असं नको व्हायला. टिश्यू बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने तर अनेकांना ती घ्यावीच लागते.

आता डुक्कर आणि गाय. हा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलतात, किंवा बोलतच नाहीत. जीव वाचवण्यासाठी, दुसरा इलाज नसेल तर निषिद्धही चालतं, हे तत्त्व इस्लामी आणि यहुदी धर्मशास्त्रांत आहे. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचं अख्खं प्रकरण आहे. दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरचं कुत्र्याचं मांस घ्यायला निघतात ती कथा तिथलीच. तेव्हा शास्त्राधार शोधणाऱ्याला तो सापडेल. पण इथे दुसरा इलाज असतो, यांत्रिक झडप असते, म्हणून आपद्धर्म सरसकट लागू होतो असंही म्हणता येत नाही. एखाद्या जैन आजोबांना हे नको असेल, किंवा माहीत असून चालत असेल, दोन्ही त्यांचे अधिकार. झडप कशाची आहे हे त्यांना शस्त्रक्रियेआधी कळलं पाहिजे, एवढाच आमचा आग्रह. "कशाला सांगायचं, उगाच मनाला लावून घेतील," हे प्रेम असेल, पण ती फसवणूकही आहे.

शेवटी एका नव्या गोष्टीबद्दल. 2002 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या रूआं शहरात आलेन क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीच्या जागी टिश्यू झडप बसवली. या पद्धतीला 'टावी' म्हणतात. आता गुजरातेत वापीला बनलेल्या झडपाही अशा वापरतात. खर्च अजून शस्त्रक्रियेपेक्षा बराच जास्त आहे. पण तिच्यामुळे जुना हिशेब बदलला: टिश्यू झडप खराब झाली की तिच्या आत दुसरी बसवता येते. म्हणून हल्ली पन्नाशी-साठीतल्या माणसालाही सांगतात, टिश्यू घ्या, पुढे नळीतून बघू. ते खरं आहे, पण भांड्यात भांडं ठेवल्यासारखं आहे, आतलं लहानच होणार. पहिली झडप मुळात लहान आकाराची असेल तर तिच्या आत दुसरी बसवून रक्ताला वाट अपुरी पडते. तेव्हा पहिल्याच वेळी सर्जनला विचारावं, "कुठल्या मापाची बसवणार? पुढे तिच्यात दुसरी बसेल का?"

झडप कुठलीही असो, तिच्यावर जंतू बसण्याची भीती असतेच, म्हणून दात काढायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना झडपेचं सांगायचं. ते आधी अँटिबायोटिक देतात. टिश्यू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा इको करून घ्यायची, दम लागण्याची वाट पाहत बसायचं नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर एक कार्ड मिळतं, त्यावर झडपेचं नाव, माप, क्रमांक आणि तारीख असते. ते देवघरातल्या डब्यात ठेवू नका. त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्या, कारण पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातला दुसरा डॉक्टर सर्वांत आधी तेच माप विचारणार आहे.