आठ लाखांच्या अलीकडे, पलीकडे

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात बारावीचा निकाल लागला की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: नंबर कुठे लागणार आणि पैसे कुठून आणणार?

खुल्या प्रवर्गातल्या घरांचा मुख्य आधार म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, लोकांच्या तोंडी ‘ईबीसी’. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे ‘कॅप’च्या फेरीतून झाला असेल, तर शिक्षण व परीक्षा शुल्क निम्मं माफ होतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून ते पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की हा हक्क गेला.

अडचण उत्पन्नाच्या रेघेची आहे. ७ लाख ९० हजारांना सवलत आणि ८ लाख १० हजारांना शून्य. मधे एकही पायरी नाही. शिक्षण शुल्क १ लाख धरलं, तर २० हजारांच्या जादा कमाईपायी मुलामागे ५० हजार आणि मुलीमागे पूर्ण लाख घरातून जातो. पती-पत्नी दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक असले की ही रेघ सहज ओलांडली जाते. पगारदाराचं उत्पन्न फॉर्म १६ वर रुपयापर्यंत दिसतं, शेतीचं मात्र अंदाजानं धरलं जातं.

शिवाय फी हा खर्चाचा एक भाग. शिकायला पुण्यात राहिलं, तर खोली आणि मेस यांना माफी नाही. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण त्यालाही ८ लाखांचीच अट आणि भर अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांवर. म्हणूनच कृषी शाखेकडे कल असेल, तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे, हे हिशेबात धरावं.

उरतं कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही आहे. ती पुन्हा ८ लाखांच्या आतल्यांनाच. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर वजावट जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते.

गरिबांची मदत कापून मध्यमवर्गाला द्या, असं कुणी म्हणत नाही. रेघेपुढे सवलत टप्प्याटप्प्यानं उतरत जावी, एवढंच. ८ ते १० लाखांना पाव फी माफ झाली, तरी पगारवाढीची धास्ती कमी होईल.