ड्रायव्हरची लांबी कुणाला पेलते?

भालकी, बसवकल्याण, आळंद या भागातली कितीतरी मुलं आज हैदराबादला नाहीतर पुण्याला नोकरीला असतात. कुणाच्या तरी ओळखीने ती एखाद्या रविवारी गोल्फच्या सरावमैदानावर जातात, खेळाची गोडी लागते आणि पहिला मोठा खर्च होतो तो ड्रायव्हरवर. हैदराबादेत तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातच अठरा होलचं मैदान आहे. बीदरहून पहाटे निघालेला माणूस तिथे खेळून रात्री घरी जेवायला येऊ शकतो. अशा नव्या खेळाडूला दुकानात दोन आकडे सांगितले जातात : हेड ४६० सीसी, लांबी ४५.७५ इंच. दोन्ही आकडे मोठे, तेव्हा फटकाही मोठाच बसणार, असं कुणालाही वाटेल. यातला पहिला आकडा खरोखर कामाचा आहे. दुसऱ्यावर मात्र डोळे झाकून पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यामागचं गणित अवघड नाही. जरा सावकाश पाहू.

ड्रायव्हर ही गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात लांब काठी. होलचा पहिला फटका, टीवर म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवलेला चेंडू दूर पाठवायचा, तो बहुधा हिनेच. खाली पोकळ हेड, मधे शाफ्ट म्हणजे दांडी, वर ग्रिप. हेडची जी बाजू चेंडूला लागते तिला फेस म्हणतात. फेस किंचित मागे कललेला असतो, तो कल म्हणजे लॉफ्ट. ड्रायव्हरचा लॉफ्ट बहुधा ९ ते १२ अंशांचा असतो.

पूर्वी हेड खरोखरच लाकडाचं असे, तेही अमेरिकेत वाढणाऱ्या पर्सिमनच्या लाकडाचं. आपल्याकडे विडीची पानं देणारी टेंभुर्णी आणि हा पर्सिमन एकाच प्रजातीतले. लाकूड घट्ट, चिवट, मार सोसणारं. पण त्या हेडला एक मर्यादा होती. ड्रायव्हरच्या हेडचं वजन साधारण २०० ग्रॅमच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून फार जड झालं तर ते वेगाने फिरवता येत नाही. भरीव लाकडाचं हेड ४६० सीसी एवढं करायचं म्हटलं, तर नुसतं लाकूडच साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाईल. म्हणून लाकडी हेडं २०० सीसीच्या आतच राहिली. १९७९ मध्ये अमेरिकेत गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने स्टीलचं पोकळ हेड बाजारात आणलं. पुढे कॅलावे कंपनीने १९९१ मध्ये १९० सीसीचा ‘बिग बर्था’, १९९५ मध्ये टायटॅनियमचा २५० सीसीचा आणि १९९७ मध्ये २९० सीसीचा, असे एकाहून एक मोठे ड्रायव्हर काढले. खरी किल्ली टायटॅनियमची होती. स्टीलची घनता ७.८, टायटॅनियमची ४.५, तेवढ्याच वजनात कितीतरी मोठं कवच करता येतं आणि मजबुतीही राहते. हेडं फुगतच चालली, तेव्हा गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी २००४ मध्ये ४६० सीसीची मर्यादा घातली. आज दुकानातले बहुतेक ड्रायव्हर त्या मर्यादेला टेकलेलेच असतात.

मोठ्या हेडने चेंडू जास्त लांब का जावा? वजन तर तेच, २०० ग्रॅम. उत्तर असं की मधोमध लागलेल्या फटक्याला आकाराचा फारसा फायदा होतच नाही. फायदा होतो तो चुकलेल्या फटक्याला.

चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. फेसच्या उसळीवरही बंधन आहे : उसळीचा गुणांक ०.८३ च्या घरातच ठेवावा लागतो. हे दोन आकडे आणि २०० ग्रॅमचं हेड टकरीच्या साध्या सूत्रात घातले, की चेंडूचा वेग हेडच्या वेगाच्या सुमारे १.४९ पट येतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने हेड आलं तर चेंडू २२३ च्या वेगाने सुटतो. हे झालं अगदी मध्यावर लागल्यावर. चेंडू मध्यापासून दोन सेंटीमीटर बाजूला लागला, तर धक्क्याने हेड स्वतःभोवती वळतं. टकरीतली काही ताकद या वळण्यात वाया जाते, आणि फेस तिरपा होऊन चेंडूची दिशाही बिघडते.

हेड किती सहज वळेल, हे त्याचं वजन मध्यापासून किती दूर पसरलंय यावर ठरतं. शाळेच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. हेड मोठं असलं की तेच २०० ग्रॅम कडांकडे आणि मागच्या टोकाकडे ढकलता येतात, आणि मग हेड वळायला नाखूश असतं. नियमाने हा आकडा जास्तीत जास्त ५९०० ग्रॅम-चौरस सेंटीमीटर असू शकतो. आजच्या चांगल्या ड्रायव्हरचा ५००० च्या आसपास असतो; जुन्या लाकडी हेडचा त्याच्या निम्म्याहून कमी भरायचा. आता तेच सूत्र पुन्हा वापरू. आघूर्ण ५००० असेल, तर दोन सेंटीमीटर चुकलेल्या फटक्यात चेंडूचा वेग सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. २००० असेल, तर जवळपास ७ टक्क्यांनी. बाजूला लागला की फेसची उसळीही मंदावते, तो तोटा आणखी वेगळा. नवशिक्याचे दहातले सात-आठ फटके मध्याबाहेरच लागतात, तेव्हा त्याच्यासाठी मोठं हेड हा चैनीचा प्रश्न राहत नाही. ४४० सीसीच्या आसपासची थोडी लहान हेडंही मिळतात. चेंडू कमी फिरावा, हवा तसा वळवता यावा म्हणून कसलेले खेळाडू ती घेतात. पहिला ड्रायव्हर घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता लांबीकडे वळू. तत्त्व सरळ आहे : हात तेवढ्याच झपाट्याने फिरले तर लांब दांडीच्या टोकाचा वेग जास्त. खांद्यापासून हेडपर्यंतचं अंतर पावणेदोन मीटर धरलं, तर दांडी एक इंचाने वाढवल्यावर हेडचा वेग वाढतो जेमतेम दीड टक्का. तोही हात पूर्वीइतकेच जलद फिरले तर. प्रत्यक्षात लांब काठी फिरवायला जड जाते, हात थोडे मंदावतात आणि त्या दीड टक्क्यातलाही काही भाग हातचा जातो. आता हा दीड टक्का वरच्या ३ टक्क्यांशेजारी ठेवा. वाढवलेल्या इंचामुळे तुमचा चेंडू मध्याऐवजी दोन सेंटीमीटर बाजूला लागू लागला, तर आलेलं सगळं गेलं आणि वर पदरचंही गेलं. दिशा बिघडून चेंडू झुडपात गेला तर तो फटका हिशेबात धरण्याजोगाही उरत नाही.

शहाबादच्या फरशीखाणीत पहार ठोकायला लांब दांड्याचा घण चालतो, पण फरशीची कड घडवायची वेळ आली की कारागीर आखूड दांड्याचा हातोडाच उचलतो. ताकद आणि नेम यांचा तोच सौदा ड्रायव्हरमध्ये आहे, एवढंच की गोल्फमध्ये दोन्ही कामं एकाच फटक्यात साधावी लागतात.

मग दुकानातले ड्रायव्हर एवढे लांब का? एक कारण ग्रॅफाइट. जुन्या स्टीलच्या शाफ्टचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास असे आणि ड्रायव्हर ४३ इंचांचा. ग्रॅफाइटचा शाफ्ट ५०-६० ग्रॅमचा असतो, त्यामुळे लांबी वाढवूनही काठी हातात हलकी लागते. दुसरं कारण विक्रीचं : सरावाच्या जागेत मारलेल्या दहा फटक्यांतला सगळ्यात लांब गेलेला एक लक्षात राहतो आणि त्याच्यावरच सौदा ठरतो. जगातले अव्वल स्पर्धक मात्र बहुधा ४५ इंचांच्या आसपासच थांबतात. अमेरिकेचा रिकी फाउलर काही काळ ४३.५ इंचांनी खेळला. उलट टोकाची उदाहरणंही आहेत. फिल मिकेलसनने मे २०२१ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, तेव्हा त्याचा ड्रायव्हर जवळपास ४८ इंचांचा होता. नियमाने ४८ इंच ही कमाल लांबी आहेच. पण व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ वर आणता यावी, अशी मुभा देणारा स्थानिक नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. मिकेलसनला लांबी पेलते, कारण रोज शेकडो चेंडू मारत त्याने आयुष्य काढलं आहे. आठवड्यातून एकदा मैदानावर जाणाऱ्याने त्याची लांबी उचलू नये.

आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं. ड्रायव्हरने लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. तिच्याहून कितीतरी पुढे चेंडू टाकणाऱ्या खेळाडू त्या मैदानावर होत्या आणि त्यांतल्या बहुतेक तिच्या मागे राहिल्या.

तेव्हा दोन ड्रायव्हरांची तुलना करायची तर चेंडू किती लांब गेला हे पाहण्याआधी तो फेसवर कुठे लागला ते पाहावं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, चेंडूवर रुपयाच्या नाण्याहून लहान असा ठसठशीत ठिपका काढा आणि तो ठिपका फेसच्या बाजूला येईल असा चेंडू टीवर ठेवा. फटका बसला की ठिपका फेसवर उमटतो. ओल्या फडक्याने पुसण्याआधी त्याची जागा कागदावर टिपून ठेवा. एका ड्रायव्हरने दहा-बारा, दुसऱ्याने दहा-बारा असे मारले, की कागदावर दोन पुंजके दिसू लागतात. एक दाट आणि मध्याजवळ, दुसरा फेसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेला. कुठला ड्रायव्हर तुमचा, हे पुंजकेच सांगतात.

ही चाचणी प्रामाणिक व्हायची तर तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही ड्रायव्हरांचा लॉफ्ट सारखा हवा. एक ९ अंशांचा आणि दुसरा साडेदहाचा असला, तर तुम्ही लांबीची नव्हे, लॉफ्टची तुलना करत असता. चेंडू एकाच जातीचे हवेत. आणि वेळ एकच हवी. ही शेवटची अट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर, बीदर साडेसहाशेच्या वर. मे महिन्याच्या दुपारी पारा बेचाळीसला टेकतो, तेव्हा कलबुर्गीतली हवा समुद्रकाठच्या थंड हवेहून १२-१३ टक्के विरळ असते. एकाच दिवसात पहाटे पंचवीस आणि दुपारी बेचाळीस अंश असले, तरी घनतेत पाच टक्क्यांचा फरक पडतो. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो आणि तो पुढे जातो. सकाळी जुना ड्रायव्हर आणि दुपारी नवा मारून नवा सरस ठरवणारा माणूस उन्हाच्या कामगिरीचे पैसे दुकानदाराला देऊन बसतो.

हातातला ड्रायव्हर लांब वाटत असेल, तर दुसरा घेण्याची घाई नको. ग्रिपच्या वरच्या टोकापासून एक इंच मोजून तिथे चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि काही दिवस त्याखालीच धरून खेळा. ठिपक्यांचा पुंजका आवळला, तर शाफ्ट कापून घ्यायला हरकत नाही. कापायचा तो ग्रिपच्या बाजूने. हेडच्या बाजूने कापला तर शाफ्ट फारच ताठ होतो आणि मग त्याला उपाय नाही.

कापल्यावर एक गोष्ट बिघडते, तीही जाणून घ्या : काठीचा तोल. गोल्फमध्ये ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर काठी टेकवून तिचं हेडकडचं झुकणं मोजतात. त्याला स्विंगवेट म्हणतात, आणि ते डी ०, डी १, डी २ अशा पायऱ्यांत सांगतात. अर्धा इंच कापला की साधारण तीन पायऱ्या उतरतात आणि हेड हातात रिकामं लागू लागतं. हेड कुठे आहे हेच कळेनासं होतं. हेडवर दोन ग्रॅम वाढवले की एक पायरी परत चढते. म्हणजे एक इंच कापल्यावर बारा-एक ग्रॅम परत द्यावे लागतात. शिशाची चिकटपट्टी त्यासाठीच मिळते, काही ड्रायव्हरांत वजनाचे स्क्रू बदलता येतात. पट्टी हेडच्या तळाला, मागच्या बाजूला लावा. फेसवर मुळीच नको, ते नियमातही बसत नाही. सहा ग्रॅमने सुरुवात करून, पुन्हा ठिपके पाहत, हळूहळू वाढवत जा. वजन वाढल्याने चेंडूला मिळणारा धक्काही किंचित वाढतो. २२० ग्रॅमच्या हेडला तेच सूत्र १.४९ ऐवजी १.५१ देतं. आखूड केल्याने गेलेला वेग थोडा इथे भरून निघतो.

आपला जुना ड्रायव्हर अर्धा कापून मुलाच्या हातात देणारे वडील मात्र मी जागोजागी पाहतो, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. काठी आखूड झाली तरी हेड २०० ग्रॅमचंच राहतं, आणि उरलेला शाफ्ट पहारीसारखा ताठ होतो. आठ-दहा वर्षांचं मूल ते वजन मनगटाने पेलू शकत नाही. ते अख्खं अंग फेकून काठी फिरवायला शिकतं आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. मुलांसाठी हलक्या हेडच्या, लवचीक शाफ्टच्या वेगळ्या काठ्या असतात. त्यातली वापरलेली, साधी, एकच घेतली तरी चालेल. मुलाची उंची वाढली की ती दुसऱ्या कुणाच्या मुलाला द्यावी आणि पुढच्या मापाची शोधावी.