टीपीआर चार्टवरचा वीस

कुठल्याही जनरल वॉर्डातला टीपीआर चार्ट हातात घ्यावा. तापाची रेघ वर-खाली झालेली असते, नाडीचे आकडे ७६, ८८, १०४ असे हलत असतात, रक्तदाबही सकाळ-संध्याकाळ बदललेला दिसतो. श्वासाच्या रकान्यात मात्र बऱ्याचदा वीस, वीस आणि पुन्हा वीस. फार तर मधे एखादा अठरा. माणसाचे शरीर इतके शिस्तशीर नसते. हा आकडा न मोजताच भरला जातो हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. ही खोड केवळ आपल्याकडची नाही. २००८ साली ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मधल्या एका लेखाने श्वासाच्या दराला शीर्षकातच ‘दुर्लक्षित’ ठरवले होते, आणि परदेशांतल्या रुग्णालयांतही या नोंदी ठरावीक दोन-तीन आकड्यांवर साचलेल्या आढळल्या आहेत. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हृदयाचे, रक्ताभिसरणाचे आणि फुप्फुसांचे विकार वेगवेगळ्या धड्यांत येतात. विद्यार्थी हार्ट फेल्युअर, शॉक, दमा, सीओपीडी, न्यूमोनिया हे सगळे लक्षणांच्या याद्यांसकट पाठ करतात. पण या तिन्ही धड्यांतला रुग्ण बिघडू लागला की बहुतेक वेळा सर्वांत आधी बदलतो तो त्याचा श्वास. म्हणून या विकारांचे शिक्षण कुठून सुरू करावे असे विचारले, तर पूर्ण एक मिनिट श्वास मोजण्यापासून करावे, असे मी म्हणेन.

यामागचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली की तिला पुढे ढकलता न आलेले रक्त मागे, म्हणजे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत तुंबते. तिथला दाब वाढला की रक्तातले पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून झिरपते आणि वायुकोशांच्या भोवती साचू लागते. या टप्प्यावर वायुकोश अजून कोरडे असतात, रक्तातला ऑक्सिजन फारसा घसरलेला नसतो, स्टेथोस्कोपला काही ऐकू येईलच असेही नाही. तरीही श्वास वाढतो. का वाढतो, याच्या उत्तराचा एक मोठा भाग भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी दिला. पुढे ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. केशवाहिन्यांना अगदी खेटून असलेली चेतातंतूंची टोके त्यांनी १९५०च्या दशकात शोधली. ‘जे रिसेप्टर’ म्हणून ती आज जगभरच्या पुस्तकांत आहेत. वायुकोशाभोवती पाणी साचले की ही टोके चेतवली जातात, मेंदूला संदेश जातो आणि श्वास उथळ व जलद होतो. म्हणजे बिघाड हृदयात, आणि पहिली तक्रार छातीच्या हालचालीत. खोकल्यातून गुलाबी फेस येणे, ओठ निळे पडणे ही पाठ्यपुस्तकातली ठळक लक्षणे याच गोष्टीचा शेवटचा अंक आहेत. तिथवर थांबून राहणाऱ्या परिचारिकेला फक्त धावपळच करता येते.

रक्ताभिसरणाचेही तसेच. शरीराच्या पेशींना पुरेसे रक्त मिळेनासे झाले की त्या ऑक्सिजनविना काम भागवू लागतात, रक्तात आम्ल साचते, आणि ते आम्ल कमी करण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणे. रक्तस्राव असो, सेप्सिस असो वा मधुमेहातला कीटोअॅसिडोसिस, तिन्हींत रक्तात साचलेले आम्ल हे श्वास वाढण्याचे एक सामाईक कारण आहे. आपण ज्याच्यावर जास्त विसंबतो तो रक्तदाब मात्र फसवा असतो. तरुण माणसाच्या शरीरातले सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा तग धरून राहू शकतो, कारण रक्तवाहिन्या आकसून तो टिकवून धरतात. नाडीवरही प्रत्येक वेळी भरवसा ठेवता येत नाही. हृदयरोगाच्या कितीतरी रुग्णांना मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतात, त्यामुळे आतून कितीही गडबड झाली तरी नाडी सत्तर-ऐंशीच्या आसपासच रेंगाळते. त्या गोळीने श्वासाची चढण मात्र तशी लपत नाही.

हा नुसता तर्क नाही. वॉर्डात अचानक हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासल्या आणि १९९० साली प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या ५४ जणांची, म्हणजे ८४ टक्क्यांची, प्रकृती आधीच्या आठ तासांत बिघडत चालल्याचे त्यांच्याच कागदपत्रांत दिसत होते. ‘अचानक’ या शब्दातली तेवढी तरी हवा निघते. १९९३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, आधीच्या तीन दिवसांत श्वासाचा दर मिनिटाला २७च्या वर गेलेल्या रुग्णांत हृदय बंद पडण्याचा धोका स्पष्टपणे जास्त दिसला. नाडी आणि रक्तदाबाच्या आकड्यांवरून मात्र असे रुग्ण इतरांपासून वेगळे काढता आले नाहीत. त्या खुणेनेही जेमतेम निम्म्याच रुग्णांचा धोका आधी कळला असता, हेही सांगायला हवे. तिला जादू समजण्याचे कारण नाही, पण उरलेल्या दोन रकान्यांपेक्षा ती सरस ठरली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धती आणली, तीत श्वासाचा दर पहिल्याच ओळीत आहे. मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त अथवा ८ किंवा त्याहून कमी असेल तर तीन. एकट्या एका मोजमापाला तीन गुण मिळाले, तरी रुग्णाला तातडीने डॉक्टरने पाहावे असा नियम आहे.

आपल्याकडच्या पुराव्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत जायची गरज नाही. तो गडचिरोलीत आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया एक्स-रेशिवाय ओळखण्यासाठी श्वासाचा दर वापरता येतो, हे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही गोष्ट थेट खेड्यांत नेली. आरोग्यदूत आणि दाया यांना मुलाचे श्वास मोजायला आणि कोट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवले. ज्यांना आकडे वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण बनवले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर तो न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ५८ गावांत उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. जिथे हा कार्यक्रम नव्हता त्या गावांत ते १३.५ टक्के होते. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्या बाळाला ५० आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ४० ही मर्यादा आहे. निरक्षर दाईला जे साधले ते चार वर्षांची बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीला अवघड असण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की त्या दाईच्या मोजण्यावर औषध द्यायचे की नाही हे ठरत होते. वॉर्डातल्या मोजण्यावर बहुधा काहीच ठरत नाही. ज्या आकड्याने काही घडत नाही, तो आकडा कोणीही मनापासून लिहीत नाही.

यावर पहिला आक्षेप बोटाला लावलेल्या चिमट्याचा. पल्स ऑक्सिमीटर असताना हे सगळे कशाला? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधलेले हे तत्त्व वैद्यकातल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे, आणि कोविडने ते घराघरांत पोचवले. पण त्याची मर्यादा रक्ताच्या स्वभावातच आहे. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या ९०-९५ वरून साठाच्या आसपास येईपर्यंत हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते, आणि स्क्रीनवर नव्वदच्या वरचाच आकडा दिसत राहतो. तोपर्यंत तो आकडा टिकवायला छातीचे स्नायू किती राबत आहेत, हे यंत्र सांगत नाही. कीटोअॅसिडोसिसच्या रुग्णाचे सॅच्युरेशन ९९ असू शकते आणि श्वास ३६. हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाळंतिणीचेही सॅच्युरेशन ९८ दिसते, कारण जेवढे हिमोग्लोबिन उरले आहे तेवढे ऑक्सिजनने भरलेले असते. त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे: २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर न दाखवलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा आढळली. सावळ्या कातडीच्या देशात हे विसरून चालणार नाही. आणि सीओपीडीच्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन ९९ वर नेले की आपल्याला बरे वाटते, पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साचून तो गुंगीत जात असू शकतो. टास्मानियातल्या २०१० सालच्या चाचणीत, अशा रुग्णांना रुग्णवाहिकेतच ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेताने ऑक्सिजन दिल्यावर मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चिमटा काढून टाका असे कोणी म्हणत नाही. त्याच्या शेजारचा रकाना खरा भरा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. श्वास तापाने वाढतो, दुखण्याने वाढतो, घाबरण्याने वाढतो. मग या वाढीचा अर्थ काय लावायचा? खरे आहे, ही खूण बिघाड कुठे आहे ते सांगत नाही. न्यूमोनियाच्या त्या निकषांमुळेही दम्यासारखी घरघर असलेल्या किंवा विषाणूजन्य सर्दी-खोकल्याच्या कितीतरी मुलांना गरज नसताना अँटिबायोटिक मिळते, हेही नाकारता येत नाही. पण वॉर्डातल्या परिचारिकेकडून निदानाची अपेक्षाच नाही. कोणाकडे पुन्हा पाहायचे, हे तिला ठरवायचे असते, आणि त्यासाठी एका आकड्यापेक्षा चढती रांग पुरते. काल १६, सकाळी २०, आता २६ असेल तर ‘घाबरली असेल’ हे स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी यावे, बाकीची कारणे तपासून झाल्यावर. कोविडमध्ये ऑक्सिजन घसरूनही काही रुग्ण निवांत बोलत होते, मोबाइल पाहत होते, हे उदाहरणही पुढे केले जाते. त्यातून निघणारा धडा असा, की दम लागल्याची जाणीव आणि श्वासाचा दर या दोन गोष्टी एक नाहीत. ‘दम लागतोय का?’ असे विचारून ‘नाही’ ऐकले म्हणजे मोजणी झाली असे होत नाही. उलट दिशेचा धोकाही आहेच: शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन दिलेला रुग्ण शांत झोपलेला पाहून समाधान वाटते, आणि त्याचे श्वास मिनिटाला सातवर आलेले असतात.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो करणाऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नाही. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि चाळीस खाटा, त्यात जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या; प्रत्येकाला एक मिनिट द्यायचे तर चाळीस मिनिटे गेली. मनुष्यबळाची ही टंचाई सरकारने आणि रुग्णालयांनी भरून काढायची आहे, परिचारिकेने जादा घाम गाळून नव्हे. तोवर एक तडजोड शक्य आहे. चाळीस जणांचे खोटे वीस लिहिण्यापेक्षा नवा दाखल झालेला, आजच शस्त्रक्रिया झालेला, ऑक्सिजनवरचा, हृदय निकामी झालेला आणि नातेवाईक ज्याच्याबद्दल ‘आज वेगळाच वाटतोय’ म्हणतात तो, अशा आठ-दहा जणांचे खरे मोजावे. उरलेल्यांचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना निदान खोटे बोलत नाही, पण आपल्या तपासणी पथकांना रिकाम्या रकान्याचीच चीड असते, आणि वीस लिहिण्याची सवय तिथूनच लागते.

वाचवलेल्या वेळेचा हिशेबही करून पाहावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत सर्रास आहे. त्या पद्धतीत पाच श्वास मोजले तर २० येतात आणि सहा मोजले तर २४. मधले २१, २२, २३ हे आकडे चार्टवर येऊच शकत नाहीत. एका श्वासाची चूक झाली की रुग्ण ‘न्यूज’च्या शून्य गुणांवरून दोनवर जातो किंवा उलट. मोजतोय हे रुग्णाला कळले तर तो नकळत श्वास बदलतो, म्हणून नाडी पाहून झाल्यावर मनगट तसेच धरून छातीकडे पाहावे, ही जुनी रीत शिकवली जाते. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र तिचे गुण क्वचितच दिसतात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच रुग्णाचे श्वास स्वतंत्रपणे, पूर्ण मिनिटभर मोजावेत आणि परीक्षकाने तिसरी मोजणी करून ताडून पाहावी, एवढी साधी परीक्षा घेता येईल. आकड्यासोबत दोन शब्द लिहायला लावावेत: उथळ की खोल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, रुग्ण एका दमात वाक्य पुरे करतो की दोन शब्दांवर तोडतो.

मग रात्री अडीच वाजता रेसिडेंट डॉक्टरला करायचा फोनही बदलतो. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ या वाक्याला ‘सकाळी बघू’ हे उत्तर तयार असते. ‘दहा वाजता १८ होते, साडेबाराला २४, आता २८, सॅच्युरेशन ९५ आहे पण पडून राहता येत नाही, उठून बसलाय’ हे ऐकून फोन ठेवून देणे अवघड असते. ठेवलाच, तर तिन्ही आकडे वेळेसकट चार्टवर असतात, आणि कितीला फोन केला तेही.